कोथरूड ते उरुळी देवाची : पुण्याच्या कचरा डेपोंच्या जमिनीचा इतिहास

पुणे शहराने गेल्या अर्धशतकात आपला कचरा मुख्यतः दोन ठिकाणी टाकला. पहिले ठिकाण पश्चिमेला, पौड रस्त्यावर कोथरूडच्या टोकाला. दुसरे पूर्वेला, सासवड रस्त्यावर उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांच्या हद्दीत. पहिल्या जागेवर आज मेट्रोचा कार डेपो उभा आहे. दुसऱ्या जागेवर साठलेला कचरा उकरून, चाळून हलवण्याचे काम अनेक वर्षे टप्प्याटप्प्याने चालू आहे. कचऱ्याने नासलेली जमीन सरकारी योजनांमधून पुन्हा वापरात आणण्याचा महाराष्ट्रातील अनुभव या दोन जागांच्या इतिहासात एकत्र सापडतो. एक जमीन मोकळी करताना तिचा भार दुसऱ्या जमिनीवर टाकला, तर सफाई झाली असे म्हणता येत नाही, हा त्या इतिहासाचा मुख्य धडा आहे.

खताचा काळ

पुण्यात नगरपालिका आली ती 1857-58 च्या सुमारास. त्या काळच्या शहराच्या कचऱ्यात राख, माती, शेण, भाजीपाल्याचे अवशेष आणि मैला यांचाच भरणा असे. ही घाण शेताला लागत होती. 1870 च्या दशकात खडकवासल्याचे धरण आणि मुठा कालवे झाले, हडपसर-मांजरीकडच्या पट्ट्यात बारमाही पाणी पोहोचले आणि उसाची लागवड वाढली. उसाला भरपूर खत लागते. मैला आणि राख मिसळून, वाळवून केलेल्या सोनखताला शेतकऱ्यांकडून मागणी होती आणि नगरपालिकेला त्यातून उत्पन्न मिळे. शहराची घाण शहराबाहेर जात होती, पण मातीत मिसळून पिकाच्या रूपाने परत येत होती.

ही साखळी विसाव्या शतकात हळूहळू तुटली. भूमिगत गटारे आल्यावर मैला कचऱ्यापासून वेगळा झाला. रासायनिक खते स्वस्त झाली. 15 फेब्रुवारी 1950 रोजी पुणे महानगरपालिका स्थापन झाली आणि पुढच्या दशकांत शहर झपाट्याने वाढले. पानशेतच्या 1961 च्या पुरानंतर नदीपलीकडे नव्या वसाहती उभ्या राहिल्या, कारखाने आले, लोकसंख्या वाढली. सगळ्यात मोठा बदल मात्र कचऱ्याच्या घडणीत झाला. 1980 नंतर प्लास्टिकच्या पिशव्या, थर्माकोल, पातळ वेष्टने, बॅटऱ्यांचे सेल आणि फुटलेल्या ट्यूबलाइट्स भाजीपाल्याच्या देठांबरोबर एकाच कुंडीत पडू लागल्या. असा मिसळलेला कचरा शेतकरी शेतात घेईना. जो माल पूर्वी विकला जात होता, तो आता कुठेतरी नेऊन टाकावा लागू लागला.

कोथरूडचा डेपो

कचरा टाकण्यासाठी जागा निवडताना त्या काळी पाहिल्या जाणाऱ्या गोष्टी साध्या होत्या : जागा सरकारी किंवा स्वस्त असावी, गाडीरस्त्यापासून फार आत नसावी आणि आसपास वस्ती नसावी. पौड रस्त्याच्या टोकाला, चांदणी चौकाच्या अलीकडे डोंगराच्या पायथ्याशी असलेली जागा या कसोट्यांना उतरली. तेव्हा कोथरूड हे शेतीचे गाव होते आणि शहर कर्वे रस्त्यावर बरेच मागे संपत होते.

पण शहर थांबले नाही. बंगल्यांच्या सोसायट्या आल्या, मग अपार्टमेंट आली, आणि पाहता पाहता डेपोच्या भोवती मध्यमवर्गीय वस्ती झाली. दुर्गंधी, माश्या, धूर यांच्याविरुद्ध तक्रारी सुरू झाल्या. तक्रार करणाऱ्यांकडे नगरसेवक होते, वृत्तपत्रे होती आणि मतेही होती. अखेर कोथरूडचा डेपो बंद झाला आणि साऱ्या शहराचा कचरा पूर्वेकडे वळला.

डेपो बंद झाला तरी जमीन साफ झालेली नव्हती. वर्षानुवर्षे साठलेला थर जागेवरच राहिला. 2000 सालच्या नागरी घनकचरा नियमांनी बंद केलेल्या भरावभूमीवर किमान पंधरा वर्षे देखरेख ठेवण्यास सांगितले होते. त्या मुदतीनंतर वायू आणि झिरपणारे पाणी यांच्या तपासण्या मानकांत बसल्या, तरच तिथे वस्ती किंवा अन्य वापराचा विचार करता येईल, अशी तरतूद होती. कचरा दिसेनासा झाला म्हणून जमीन निर्धोक होत नाही, हे या तरतुदीने कायद्यात आणले.

उरुळी देवाचीची खाण

उरुळी देवाची आणि फुरसुंगी ही सासवड रस्त्यावरची, हडपसरपलीकडची गावे. आषाढी वारीत ज्ञानेश्वर महाराजांची पालखी हडपसरहून दिवे घाटाकडे याच रस्त्याने जाते. फुरसुंगीच्या शिवारात कालव्याचे पाणी, विहिरी आणि बागायत होती. डेपोसाठी घेतलेली जागा मात्र दगडखाणीची होती. आधी 43 एकर, पुढे आणखी 120 एकर अशी मिळून 163 एकर जमीन महापालिकेच्या ताब्यात आली. 1990 च्या दशकाच्या आरंभापासून तिथे कचरा पडू लागला आणि कोथरूड बंद झाल्यावर तो वाढतच गेला.

खाणीची जागा कचऱ्याला सोयीची दिसते, कारण खड्डा आयताच असतो. प्रत्यक्षात दख्खनच्या काळ्या दगडात ती सगळ्यात वाईट निवड ठरते. पुण्याच्या परिसरात वरची माती आणि मुरूम यांच्याखाली बेसॉल्ट असतो. हा दगड स्वतः पाणी शोषत नाही. पाणी वाहते ते त्याच्या भेगांमधून आणि दोन थरांच्या सांध्यांमधून. विहिरींना पाणी लागते तेही याच भेगांमुळे. खाणकामात वरची माती आणि मुरूम काढून टाकलेला असतो, सुरुंगांमुळे दगडाला नव्या भेगा पडलेल्या असतात. अशा उघड्या दगडावर ओला कचरा टाकला, तर त्यातून निघणाऱ्या पाण्याला गाळणारे, अडवणारे काहीच उरत नाही.

या पाण्याला अधिकारी आणि गावकरी दोघेही लिचेट म्हणतात. पावसाचे पाणी कचऱ्याच्या ढिगातून खाली उतरताना कुजलेल्या पदार्थांतील क्षार, अमोनिया आणि धातूंचे अंश विरघळवून घेते. ढिगाच्या पायथ्याशी ते काळपट, फेसाळ होऊन बाहेर येते. त्याचा काही भाग ओढ्याला लागतो, काही दगडाच्या भेगांत शिरतो. डेपोच्या उताराकडच्या विहिरींचे पाणी आधी पिवळट झाले, मग त्याला वास येऊ लागला, मग ते पिणे बंद झाले. ज्या गावांच्या शिवारात विहिरी आणि कालवा दोन्ही होते, त्या गावांना पिण्याच्या पाण्यासाठी टँकरची वाट पाहावी लागली. ज्यांची जमीन डेपोला गेली त्यांचे नुकसान कागदावर तरी मोजले गेले. ज्यांची जमीन जागेवर राहिली पण विहीर गेली, त्यांचे नुकसान कुठल्याच भूसंपादनाच्या निवाड्यात बसले नाही.

दुसरा धोका आगीचा. ढिगाच्या पोटात हवा पोहोचत नाही. तिथे कुजणाऱ्या कचऱ्यातून मिथेन तयार होतो. उन्हाळ्यात तापमान वाढले की कुठेतरी ठिणगी पडते आणि आग आतल्या आत धुमसत राहते. वरून पाणी मारले तर लिचेट वाढते, मातीचा थर टाकला तर आग दबते पण विझली आहे याची खात्री राहत नाही. जळत्या प्लास्टिकचा धूर रात्री खाली उतरून गावांवर बसतो. सासवड रस्त्यावरच्या वस्त्यांना हे वर्षानुवर्षे सोसावे लागले.

नियम आले, मुदती टळल्या

कचऱ्याच्या प्रश्नाला देशपातळीवर कायद्याचे रूप आले ते सर्वोच्च न्यायालयात 1996 साली अल्मित्रा पटेल यांनी दाखल केलेल्या जनहित याचिकेमुळे. या खटल्याच्या ओघात केंद्र सरकारने सप्टेंबर 2000 मध्ये नागरी घनकचरा नियम जारी केले. त्यात जुन्या भरावभूमी सुधारण्यासाठी 2001 अखेर आणि प्रक्रिया प्रकल्प उभारण्यासाठी 2003 अखेर अशा मुदती घालून दिल्या होत्या. देशातील बहुतेक शहरांप्रमाणे पुण्यातही त्या पाळल्या गेल्या नाहीत.

डिसेंबर 2005 मध्ये जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनर्निर्माण अभियान सुरू झाले आणि मोठ्या शहरांना पायाभूत सुविधांसाठी केंद्राचा पैसा मिळू लागला. उरुळी देवाचीत याच काळात दोन कामे पुढे आली. पहिले काम कॅपिंगचे : जुन्या ढिगाला उतार देऊन, वर माती आणि पाणी न झिरपणाऱ्या पडद्याचे आच्छादन घालून तो बंद करणे. दुसरे काम प्रक्रियेचे : 2010 च्या सुमारास रोज एक हजार टन कचऱ्यावर प्रक्रिया करण्याच्या क्षमतेचा खासगी प्रकल्प डेपोवर सुरू झाला. तो त्या क्षमतेने कधी टिकून चालला नाही. आलेल्या मिश्र कचऱ्यातून खत आणि इंधन काढल्यावर उरणारा भाग मोठा होता आणि तो पुन्हा त्याच जागेवर साठत गेला.

कॅपिंगची मर्यादाही लवकरच कळून आली. आच्छादनामुळे पावसाचे पाणी आत जाणे कमी होते, वास आणि माश्या आटोक्यात येतात, खर्चही तुलनेने कमी लागतो. पण खाली पाणी न झिरपणारा थर आधीच घातलेला नसेल तर आतले लिचेट खालून निघतच राहते. शिवाय झाकलेली जमीन दशकानुदशके अडकून पडते. मुंबईतील गोराईचे डम्पिंग ग्राउंड 1972 पासून वापरात होते. सुमारे 19.6 हेक्टरची ही जागा 2007 ते 2009 या काळात शास्त्रीय पद्धतीने बंद केली गेली, वायू गोळा करण्याची व्यवस्था झाली आणि खाडीकाठचा तो परिसर सुधारला. मात्र तिथेही कचरा जागेवरच राहिला. कॅपिंग हा प्रदूषण रोखण्याचा उपाय आहे. जमीन परत मिळवण्याचा नव्हे.

कचरा डेपोपर्यंत जाऊच नये, यासाठीचे काम पुण्यात दुसऱ्याच बाजूने चालू होते. 1993 साली डॉ. बाबा आढाव यांच्या पुढाकाराने आणि श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठातील कार्यकर्त्या-प्राध्यापिकांच्या सहभागाने कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. कचरावेचकांची ही संघटना. पुढे तिच्यातूनच ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था निघाली आणि 2008 पासून महापालिकेशी करार करून तिच्या सभासद घरोघरचा कचरा गोळा करू लागल्या. या बायकांनी हाताने वेगळा केलेला प्रत्येक किलो कागद, काच, पत्रा आणि प्लास्टिक उरुळीच्या ढिगावर जाण्यापासून वाचला. जमीन नासू न देण्याचे हे काम सफाईच्या कुठल्याही योजनेत खर्च म्हणून दिसत नाही, पण त्याची किंमत मोठी आहे.

गावांचा लढा

उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या गावकऱ्यांनी कचऱ्याच्या गाड्या अडवण्याचे हत्यार अनेकदा उपसले. प्रत्येक वेळी बैठक होई, मुदत ठरे, गाड्या पुन्हा सुरू होत. 2014 अखेर ओपन डम्पिंग बंद करण्याचा शब्द दिला गेला. ती मुदत टळली आणि जानेवारी 2015 मध्ये पुन्हा आंदोलन झाले. गावकऱ्यांच्या मागण्या ठरलेल्या होत्या : उघड्यावर कचरा टाकणे बंद करा, जुना कचरा हलवा, पिण्याच्या पाण्याची योजना पूर्ण करा, ज्यांच्या जमिनी डेपोला गेल्या त्यांच्या वारसांना महापालिकेत नोकऱ्या द्या.

दुसरी लढाई न्यायालयीन होती. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचे पश्चिम विभागीय खंडपीठ 2013 मध्ये पुण्यातच सुरू झाले. त्यामुळे डेपोग्रस्त गावांना दाद मागण्याची जागा हाताशी आली. न्यायाधिकरणापुढे महापालिकेला मुदती, प्रक्रियेची क्षमता, लिचेटची व्यवस्था आणि विहिरींचे पाणी यांचा हिशेब द्यावा लागला.

एप्रिल 2017 मध्ये डेपोला मोठी आग लागली. दिवसेंदिवस धूर निघत राहिला आणि गावकऱ्यांचा संयम संपला. त्यांनी गाड्या अडवल्या त्या तीन आठवड्यांहून अधिक काळ. शहरातल्या कंटेनरभोवती ढीग साचले, पेठांमधल्या कोपऱ्यांवर कचरा कुजू लागला. मे महिन्याच्या सुरुवातीला तत्कालीन मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी गावकऱ्यांशी चर्चा करून आश्वासन दिल्यावर आंदोलन थांबले. या तीन आठवड्यांत पुणेकरांना, कदाचित पहिल्यांदाच, आपला कचरा रोज कुणाच्या दारात जातो हे आपल्या दारात अनुभवायला मिळाले. ओला कचरा सोसायटीतच जिरवणे, प्रभागांत छोटे प्रकल्प उभारणे, मोठ्या गृहसंकुलांना प्रक्रियेची सक्ती करणे या गोष्टी नियमांत आधीपासून होत्या. त्यांना वेग आला तो या आंदोलनानंतर. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये उरुळी देवाची आणि फुरसुंगीसह अकरा गावे महापालिकेच्या हद्दीत आली.

बायोमायनिंग : कचरा उकरण्याची रीत

8 एप्रिल 2016 रोजी नवे घनकचरा व्यवस्थापन नियम आले. जुन्या कचराभूमींची तपासणी करून शक्य तिथे बायोमायनिंग करावे, ते शक्य नसेल तिथेच कॅपिंग करावे आणि हे सारे पाच वर्षांत पुरे करावे, असे या नियमांनी सांगितले. फेब्रुवारी 2019 मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने त्याची कार्यपद्धती ठरवून दिली आणि त्याच वर्षी हरित न्यायाधिकरणाने देशभरातील जुने ढीग हटवण्याचा आदेश दिला. जुना कचरा उकरून उपयोगी भाग वेगळा काढण्याची कल्पना नवी नाही. 1953 साली इस्रायलमधील तेल अवीवजवळ शेतीला खत मिळवण्यासाठी असा पहिला प्रयोग झाल्याची नोंद आहे.

उरुळीसारख्या ढिगावर हे काम असे चालते. पोकलेन ढिगाचा वरचा थर खरवडून मोकळा करते. तो माल साधारण दोन मीटर उंचीच्या लांबच लांब रांगांत पसरला जातो. त्यावर जिवाणूंचे कल्चर फवारतात. ठरावीक दिवसांनी रांग उलथीपालथी केली जाते. आतली वाफ निघून जाते, ओल उडते, वास कमी होतो आणि रांगेचे आकारमान लक्षात येण्याइतके घटते. सुका झालेला माल मग ट्रॉमेलमध्ये, म्हणजे फिरत्या गोल चाळणीत जातो. पहिल्या मोठ्या छिद्रांच्या चाळणीवर चिंध्या, गोण्या, प्लास्टिकच्या पिशव्या, टायरचे तुकडे अडकतात. मधल्या चाळणीवर विटा, खडी, काचा राहतात. शेवटच्या बारीक चाळणीखाली काळसर माती पडते. पंख्याच्या झोताने हलके प्लास्टिक वेगळे होते, लोहचुंबकाने पत्रा आणि खिळे निघतात.

या प्रत्येक मालाचे ठिकाण वेगळे. जळाऊ भागाला कामावरचे लोक आरडीएफ म्हणतात. त्याच्या गासड्या बांधून सिमेंट कारखान्यांच्या भट्ट्यांकडे धाडतात. दगड-विटा सखल जागी भरावाला जातात. बारीक माती दिसायला खतासारखी असली तरी तिच्यात काचेचे कण आणि जड धातू असू शकतात. प्रयोगशाळेत तपासल्याशिवाय ती खाण्याच्या पिकाला घालता येत नाही. पावसाळ्यात ओला माल चाळणीत चिकटतो, म्हणून चार महिने काम मंदावते किंवा थांबते.

या कामातील खरी अडचण हिशेबाची आहे. ठेकेदाराला पैसे टनावर मिळतात. ढिगात मुळात किती टन होते याचा अंदाज मोजणीवर आणि घनतेवर अवलंबून असतो. ओला माल सुकला की वजन घटते. नवा कचरा जुन्यात मिसळला की वाढते. म्हणून काम सुरू होण्याआधी आणि नंतर जागेची उंचसखल मोजणी करणे, वजनकाट्याच्या नोंदी जपणे, प्रत्येक ट्रक कुठे गेला हे दाखवणे याला चाळणीइतकेच महत्त्व आहे. उरुळीत पहिल्या दोन टप्प्यांत मिळून सुमारे 20 लाख टन जुन्या कचऱ्यावर प्रक्रिया झाल्याची महापालिकेची नोंद आहे. त्यानंतरही लाखो टन शिल्लक राहिले आणि त्यासाठी पुढच्या निविदा काढाव्या लागल्या.

केंद्राची योजना आणि कायद्यातील पोकळी

1 ऑक्टोबर 2021 रोजी स्वच्छ भारत अभियानाचा शहरी भागासाठीचा दुसरा टप्पा सुरू झाला. देशातील सर्व जुन्या कचराभूमी साफ करणे हे त्याचे एक प्रमुख उद्दिष्ट. सुमारे 16 कोटी टन जुना कचरा आणि त्याखाली अडकलेली सुमारे 15,000 एकर जमीन, असा राष्ट्रीय अंदाज या टप्प्यापुढे होता. बायोमायनिंगचा खर्च टनाला 550 रुपये धरून केंद्राचा वाटा ठरवला गेला. दहा लाखांवर लोकसंख्येच्या शहरांना त्यातला 25 टक्के भाग मिळतो. उरलेला राज्य आणि महापालिका उभा करतात. इंदूरने आपल्या देवगुराडिया येथील शंभर एकरांवरचा सुमारे 13 लाख टन कचरा 2018 मध्ये हलवून दाखवला होता, तेच उदाहरण या योजनेपुढे होते. पिंपरी-चिंचवडमध्ये मोशीच्या डेपोवरही जुन्या ढिगाचे बायोमायनिंग हाती घेण्यात आले. मोशीलाच कचऱ्यापासून वीज करणाऱ्या प्रकल्पाचे उद्घाटन 1 ऑगस्ट 2023 रोजी झाले.

या योजनेचे मोजमाप दोनच आकड्यांत होते : किती टन हलवले आणि किती एकर मोकळे झाले. जमिनीखालच्या पाण्याचा आकडा त्यात नाही. याउलट, अमेरिकेत नायगारा फॉल्स शहरातील लव्ह कॅनाल वस्ती रासायनिक कचऱ्याच्या भरावावर उभी राहिल्याचे 1978 मध्ये उघड झाले आणि 1980 साली ‘सुपरफंड’ नावाने ओळखला जाणारा कायदा झाला. ज्याने जमीन नासवली त्याच्याकडून सफाईचा खर्च वसूल करणे आणि जमिनीबरोबर भूजलाचीही सफाई करणे ही त्याची दोन मुख्य सूत्रे. पुढे 1995 पासून, कमी दूषित पडीक जागांच्या पुनर्वापरासाठी तिथे स्वतंत्र ‘ब्राउनफिल्ड’ कार्यक्रम सुरू झाला.

भारतात दूषित स्थळांसाठीचे पहिले स्वतंत्र नियम 24 जुलै 2025 रोजी अधिसूचित झाले. संशयित स्थळाची पाहणी, नमुन्यांची तपासणी, दूषित म्हणून जाहीर करणे, सफाईचा आराखडा आणि प्रदूषकाकडून खर्चाची वसुली, अशी क्रमवार पद्धत त्यांनी आणली. मात्र किरणोत्सारी कचरा, खाणकाम आणि समुद्रातील तेलगळतीबरोबरच घनकचऱ्याचे डेपोही सर्वसाधारणपणे या नियमांच्या कक्षेबाहेर ठेवले आहेत. त्यांच्यासाठी वेगळे नियम आहेत असे त्यामागचे कारण. परिणामी उरुळीच्या विहिरींचा प्रश्न दोन नियमांच्या मधल्या जागेत राहतो. कचरा हलवण्याचे बंधन एका नियमात आहे, भूजलाच्या सफाईची पद्धत दुसऱ्यात. शिवाय इथे प्रदूषक कोण, याचे उत्तर महापालिका असे आहे आणि सफाई करणारी यंत्रणाही तीच.

मोकळ्या जमिनीचा वापर

कोथरूडच्या डेपोची सुमारे 28 एकर जागा शहराच्या आत आल्यामुळे मोलाची झाली. तिथे छत्रपती शिवाजी महाराजांच्या जीवनावर शिवसृष्टी उभारावी असा प्रस्ताव होता. 24 डिसेंबर 2016 रोजी पुणे मेट्रोची पायाभरणी झाली आणि वनाज ते रामवाडी मार्गासाठी कार डेपोची जागा म्हणून हीच जमीन पुढे आली. दोन्ही प्रकल्पांवरून वाद झाला. फेब्रुवारी 2018 मध्ये मुख्यमंत्र्यांच्या बैठकीत जागा मेट्रोला देण्याचा आणि शिवसृष्टीसाठी चांदणी चौकाजवळ जैवविविधता उद्यानाच्या आरक्षणातील 50 एकर जागा देण्याचा निर्णय झाला. बांधकामाआधी जुन्या कचऱ्याची विल्हेवाट लावून जमीन भार पेलण्याजोगी करावी लागली. 6 मार्च 2022 रोजी वनाज ते गरवारे कॉलेज हा टप्पा प्रवाशांसाठी खुला झाला आणि एके काळच्या कचरा डेपोवर गाड्यांची देखभाल सुरू झाली.

जुन्या भरावावर बांधकाम करताना घाई किती महागात पडते, याचे उदाहरण मुंबईतील मालाडचे आहे. चिंचोली बंदरच्या बंद डम्पिंग ग्राउंडवर कार्यालयांच्या मोठ्या इमारती झाल्या. खालून निघणाऱ्या वायूंमुळे तिथले संगणक आणि इलेक्ट्रॉनिक उपकरणे गंजून बिघडत असल्याच्या तक्रारी पुढे वर्षे-वर्षे येत राहिल्या. रेल्वे डेपोसारखा उघडा, हवेशीर वापर आणि बंदिस्त, वातानुकूलित इमारत यांत फरक आहे. साफ केलेल्या जमिनीचा पुढचा वापर ठरवताना तिच्या खाली काय होते, याची नोंद सातबाऱ्याइतकी पक्की असायला हवी.

उरुळीत परिस्थिती वेगळी आहे. तिथली मोकळी होणारी जमीन कचऱ्याच्याच नव्या प्रकल्पांसाठी मागितली जाते, कारण शहरात दुसरी जागा सहज मिळत नाही. पुण्यात आता रोज दोन हजार टनांहून अधिक कचरा निर्माण होतो. आसपासच्या शिवारासाठी नगररचना योजना आखल्या गेल्या आहेत. म्हणजे ज्या मातीखालचे पाणी बिघडले, तिथेच उद्या रस्ते आणि सोसायट्या येणार आहेत. दरम्यान गावांची प्रशासकीय ओळखही बदलली. 2017 मध्ये महापालिकेत आलेली ही दोन गावे नंतर वगळण्याचा निर्णय झाला आणि सप्टेंबर 2024 मध्ये फुरसुंगी-उरुळी देवाची ही स्वतंत्र नगरपरिषद अधिसूचित झाली. त्यामुळे डेपो पुणे महापालिकेचा आणि त्याचे परिणाम सोसणारी गावे दुसऱ्या नगरपरिषदेची, अशी विभागणी पुन्हा झाली आहे.

कोथरूड आणि उरुळी यांच्या इतिहासातून सफाईचा क्रम स्पष्ट होतो. पहिली पायरी नव्या कचऱ्याचा ओघ थांबवण्याची. तो चालू असेपर्यंत एका बाजूने चाळलेला ढीग दुसऱ्या बाजूने वाढतो. दुसरी पायरी जुना माल उकरून, मोजून, योग्य ठिकाणी पोहोचवण्याची. तिसरी पायरी उताराकडच्या विहिरी आणि ओढे यांच्या तपासण्यांची, ढीग गेल्यावरही अनेक वर्षे. शेवटची पायरी मोकळ्या जमिनीच्या वापराची, आणि तिच्यात ज्यांनी दुर्गंधी सोसली त्यांचा शब्द पहिला असायला हवा. पहिल्या दोन पायऱ्यांसाठी आज नियम आहेत, निधी आहे आणि मुदती आहेत. तिसरीसाठी आणि चौथीसाठी तसे बंधन घालणे हे उरलेले काम आहे, आणि उरुळी देवाची व फुरसुंगीच्या लोकांचे ते शहराकडे असलेले येणे आहे.